जनार्दन जेन्सनचा पुढचा मुक्काम

कोणाशीही ओळख झाली की जेन्सन सगळ्यात आधी त्याच्या पणजोबांचं नाव विचारायचा.

नोकरी कुठे, पगार किती, कुवेतला येऊन किती वर्षं झाली, हे आखातातले नेहमीचे प्रश्न त्याला सुचायचेच नाहीत. आम्ही अबू हलीफाच्या त्या इमारतीत राहायला गेलो त्या दिवशी मी एका हातात गॅसची शेगडी आणि दुसऱ्या हातात देवांचा डबा घेऊन जिन्यात धापा टाकत उभा होतो. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं आणि चौकटीत जेमतेम मावेल असा एक गोरा माणूस बाहेर आला. त्याने शेगडी माझ्या हातातून काढून घेतली, आपलं नाव सांगितलं, माझं विचारलं आणि म्हणाला, "वेल, नाऊ! आणि तुमच्या पणजोबांचं नाव?"

पणजोबांच्या नावाशी माझा संबंध यायचा तो वडिलांच्या श्राद्धाला. तेव्हाही गुरुजी पुटपुटायचे आणि मी मान हलवायचो. मी म्हणालो, "विसरलो." जेन्सनला इतकं वाईट वाटलं, की मी जणू पणजोबांना एखाद्या बसस्टॉपवर विसरून आलो होतो.

जेन्सन मॉर्मन होता. हा शब्द मी तोवर ऐकलेलाही नव्हता. हा अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ आहे आणि मेल्यानंतरही कुटुंब तुटत नाही अशी त्यांची श्रद्धा आहे, हे त्यानेच मला समजावलं. तुटणार नाही म्हटल्यावर कोण कोणाचं हे आधी नीट ठाऊक हवं. म्हणून ही माणसं आपले पूर्वज शोधत असतात आणि जेन्सनसारखा उत्साही असेल तर दुसऱ्यांचेही. आमच्या इमारतीखाली लतीफभाईंचं वाणसामानाचं दुकान होतं. लतीफभाई दाभोळचे. त्यांनी पणजोबा गलबतावर खलाशी होते एवढं सांगितलं आणि जेन्सन हर्षाने ओरडला, "माझेसुद्धा! डेन्मार्कचे!" त्या दिवसापासून तो त्यांना 'कझिन लतीफ' म्हणू लागला. "आपण सगळे कझिनच आहोत," तो म्हणायचा, "फक्त पुरावा सापडायचा राहिलाय."

समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात तो इंजिनिअर होता. घरी बायको कॅरल आणि उंचीप्रमाणे ओळीत उभी राहणारी पाच मुलं. दारू नाही, सिगारेट नाही, हे समजण्यासारखं होतं. पण चहा नाही आणि कॉफीही नाही म्हटल्यावर माझी बायको सुनंदा गोंधळली. ती हॉस्पिटलात स्टाफ नर्स. तिच्या मते माणूस घरी आला की चार मिनिटांत त्याच्यापुढे कप हवा. शेवटी जेन्सनला ती नुसतं गरम पाणी द्यायची आणि तो ते चवीने, मधूनमधून फुंकर घालत प्यायचा.

त्याच्या घरातली एक अख्खी बेडरूम धान्याने भरलेली होती. गहू, तांदूळ, वाल, दुधाची पावडर, मध. वर्षभराचं अन्न घरात असावं अशी त्यांची शिकवण. मी एक्स-रे टेक्निशियन, दिवसभर माणसांच्या आत काय आहे ते बघणारा. पण त्या खोलीत पहिल्यांदा डोकावलो तेव्हा मात्र चाटच पडलो. लतीफभाई जिन्यात मला हळूच म्हणाले, "साहेब, ह्यो माजा कझिन की माज्या धंद्यातला?"

त्या वसंतात जेन्सन कुटुंब आम्हाला खैरानच्या समुद्रकाठी कॅम्पिंगला घेऊन गेलं. मी लालबागच्या एका खोलीत सात माणसांत वाढलो. झोपायच्या खोलीला स्वतःचं दार असावं म्हणून देश सोडला. आणि हा माणूस एसी लावलेलं घर बंद करून, बायकामुलांसकट वाळूत तंबू ठोकून झोपत होता, तेही आनंदाने! मी खुंटा ठोकताना अंगठा ठेचून घेतला. कॅरलने पट्टी बांधली, मुलांनी माझ्यासाठी एक गाणं म्हटलं आणि सुनंदाने आणलेल्या मसालेभातापुढे सातही जेन्सननी डोळे मिटून प्रार्थना केली. एवढी दखल आमच्या मसालेभाताची कोणी घेतली नव्हती.

तिथेच शेकोटीपाशी त्याने उन्हाळ्याचा बेत सांगितला. आधी एका तळ्याकाठी सगळ्या जेन्सन घराण्याचं संमेलन. शंभर-दीडशे माणसं, सगळ्यांचे एकाच रंगाचे शर्ट. मग तंबू गाडीवर टाकून पूर्वेकडे प्रवास. त्यांचे पूर्वज ज्या वाटेने हातगाड्या ओढत चालत आले ती वाट उलट दिशेने पार करायची. जिथे त्यांनी मुक्काम केले, जिथे माणसं पुरली, तिथे थांबायचं. शेवट मिसिसिपी नदीवरच्या नावू नावाच्या गावात. हे गाव त्यांच्या लोकांनी दलदल उपसून वसवलं आणि मग ऐन हिवाळ्यात त्यांना तिथून हाकलण्यात आलं. "कॅरल आणि मुलं जूनमध्ये पुढे जातील," जेन्सन म्हणाला. "मला ऑगस्टमध्ये रजा आहे. मी त्यांना नावूला गाठेन. नदीकाठी." बोलताना तो नेहमी हाताच्या तळव्यावर बोटाने रस्ता काढायचा आणि थांबून म्हणायचा, "पुढचा मुक्काम..."

जूनमध्ये कॅरल आणि मुलं गेली. त्याच सुमाराला माझ्या सासूबाई, माई, साताऱ्याहून आमच्याकडे आल्या. ऑगस्ट उजाडला, जेन्सनची बॅग भरलेली होती, आणि एका सकाळी इराकी रणगाडे कुवेतमध्ये शिरले.

पहिले काही दिवस काय चाललंय हेच कोणाला कळत नव्हतं. मग अमेरिकन आणि इंग्रज माणसांना धरून नेतात अशी बातमी आली. त्या दुपारी लतीफभाई वर आले. त्यांनी जेन्सनच्या दारावरची नावाची पाटी उपटली, खिशात घातली आणि मला म्हणाले, "साहेब, त्येला तुमच्याकडे घ्या. माज्या खोलीत सोळा माणसं हायेत, नायतर मीच घेतला असता."

मी सुनंदाकडे बघितलं. सुनंदाने माईंकडे बघितलं. पकडला गेला असता तर त्याच्याबरोबर आम्हीही गेलो असतो, हे तिघांनाही स्पष्ट होतं. माई लसूण सोलत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "त्याची आई आहे का?"

"नाही, वारली."

"मग आणा की त्याला. विचार कसला करताय?"

असा जेन्सन आमच्याकडे राहायला आला. त्याच्याबरोबर हळूहळू गहू, तांदूळ आणि मधही आला. दुकानं ओस पडली तेव्हा त्या धान्यावर सगळी इमारत जगली. लतीफभाई ते थोडंथोडं करून घरोघरी पोचवायचे. पोत्यांना हसलेली सगळी माणसं आता ते गहू खात होती. हसला नव्हता तो एकटा जेन्सन, आणि आताही त्याने कोणाला तसं जाणवू दिलं नाही.

हॉस्पिटलला माणसं हवीच होती, त्यामुळे सुनंदा आणि मी रोज कामावर जायचो. घरी दिवसभर पडदे ओढून दोनच माणसं: माई आणि जेन्सन. माईंना इंग्रजी येत नव्हतं आणि जेन्सनला मराठी. माईंनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव सोपं करून घेतलं. जेन्सनचा झाला जनार्दन.

चहाचा प्रश्न माईंनी मनावर घेतला. "जो माणूस चहा पीत नाही त्याला काय दुखतंय, काय खुपतंय ते कळायचं कसं?" असं त्यांचं म्हणणं. सुनंदाने गॅलरीत गवती चहा लावला होता. माईंनी त्याची पाती आणि आलं उकळून पेला पुढे केला. नाव ऐकून जेन्सन दचकला. मी त्याला शपथेवर सांगितलं की यात चहाचं पानही नाही, हे नुसतं गवत आहे. त्याने घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, "वेल, नाऊ!" माईंनी विचारलं, "काय म्हणतो?" मी म्हटलं, "आवडलं म्हणतो."

मग महिन्याचा पहिला रविवार आला आणि जेन्सनने जेवायला नकार दिला. त्यांच्यात त्या दिवशी उपास असतो. माईंचा चेहरा उजळला. घरात शिल्लक होता तो सगळा साबुदाणा त्यांनी भिजत घातला. खिचडीची बशी समोर आली तेव्हा जेन्सन मला म्हणाला, "पण उपास म्हणजे काहीच खायचं नाही. पाणीसुद्धा."

हे मी माईंना सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली. "निर्जळी?" त्या म्हणाल्या. "आणि आपण? चतुर्थीला दोन वेळा खिचडी आणि वर बटाट्याचा कीस!" त्या दिवसापासून घरात जनार्दनचं पान माझ्याआधी वाढलं जाऊ लागलं.

पण दोघांचं खरं जुळलं ते पूर्वजांवरून. मी दुभाषा म्हणून बसलो आणि जेन्सनने आपला ठरलेला प्रश्न विचारला. माईंनी सासरच्या सात पिढ्या घडाघडा सांगितल्या. जेन्सन पुढे सरकून बसला. "आणि त्यांच्या बायका?" त्याने भीतभीत विचारलं. हा प्रश्न माईंना जन्मात कोणी विचारला नसावा. त्यांनी पदर सावरला आणि एकेकीचं माहेरचं नाव, माहेरचं गाव, कोण बाळंतपणात गेली, कोण भांडखोर होती, सगळं सांगितलं. जेन्सनने दोन्ही हात डोक्याला लावले. "जगभर शोधूनही बायकांची नावं सापडत नाहीत," तो म्हणाला, "आणि या इथे स्वयंपाकघरात बसून सांगतायत!"

संध्याकाळी आम्ही कामावरून आलो की जेन्सनचा प्रवास सुरू व्हायचा. तो भिंतीला टेकून बसायचा, तळवा उघडायचा, आणि आज कॅरल आणि मुलं कुठे पोचली ते सांगायचा. मी मराठीत सांगायचो. आज संमेलन आहे. पिवळे शर्ट घातलेत. दोरी ओढायच्या शर्यतीत धाकट्याचा दात पडला. आज वायोमिंगमध्ये तंबू ठोकलाय, वारा फार आहे, कॅरलच्या हातची पोळी उडून गेली. आज त्या जागी थांबलेत जिथे त्याची खापरपणजी बर्फात चालताना दमून बसली आणि तिच्या बहिणीने तिला हातगाडीवर घातलं. आम्हीही हळूहळू त्या गाडीत बसलो. बाहेर कुठेतरी गोळीबार व्हायचा आणि सुनंदा विचारायची, "पण मग पोळीचं काय झालं?"

ऑगस्ट संपला. सप्टेंबर संपला. जेन्सनचं कुटुंब हिंडतच होतं.

"अहो, यांच्या मुलांच्या शाळा सुरू झाल्या असतील की," सुनंदा मला म्हणाली. मी जेन्सनला विचारलं. त्याने तळव्याकडे बघितलं. "वेल, नाऊ. कॅरलने यंदा शाळेला कळवलंय. असा उन्हाळा पुन्हा कधी येणार?" मला ते पटलं. ज्या घरात वर्षभराचे गहू साठवतात, तिथे उन्हाळाही साठवत असतील.

मग एके दिवशी सैनिक आले. त्या दिवशी मला सुट्टी होती. खालून लतीफभाईंनी पाण्याच्या पाइपवर ठोकून इशारा केला. बाथरूमवर गीझरजवळ सामान ठेवायला एक पोटमाळा होता; जेन्सन त्यात कसा मावला हे मला अजूनही कळलेलं नाही. मी त्याच्यापुढे गाद्या सरकवल्या आणि खाली उतरलो तोच दार वाजलं. दोन सैनिक होते, दोघंही विशीतले. त्यांनी खोल्या बघितल्या, पलंगाखाली बघितलं. आणि एकाची नजर दाराशी गेली. तिथे जेन्सनचे बूट होते. होडीएवढे.

सैनिकाने बुटांकडे बघितलं. मग माझ्या पायांकडे बघितलं.

तेवढ्यात माई स्वयंपाकघरातून आल्या. सरळ दाराशी गेल्या, नऊवारीचा घोळ जरा वर धरला, आपली दोन इवलीशी पावलं त्या बुटांत घातली आणि फटक फटक करत पुन्हा आत निघाल्या. जाताना सैनिकाला म्हणाल्या, "काय बघतोस? पाय सुजलेत माझे. बस तिथे, चहा टाकते."

"अम्मा... मरीद," मी कसंबसं म्हणालो. आई आजारी आहे. पायांकडे बोट दाखवलं.

सैनिक एकमेकांकडे बघून हसू लागले. हसता हसता पोरंच झाली ती. माईंनी त्यांना चहा दिला, भाकरी दिली, आणि ते खात होते तोवर त्या बूट घालूनच घरभर वावरल्या. ते गेल्यावर मी जेन्सनला खाली उतरवलं. माई पाटावर बसून बूट काढू लागल्या. जेन्सन त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याने एकेक बूट हलकेच काढला.

त्या संध्याकाळी प्रवास पुढे जाईना. जेन्सन तळवा मिटूनच बसला होता. माई म्हणाल्या, "त्या नदीवरच्या गावाचं सांगायला सांगा. हाकलून दिलं त्या." मी विचारलं. गोठलेली नदी, मागे राहिलेली घरं, मागे वळून बघणारी माणसं, असं त्याने थोडंथोडं सांगितलं. माई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "यांना जाऊन बघता तरी येतं. माझं माहेर कोयनेच्या धरणात गेलं."

मला हे ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून मी ते कधी ऐकलं नव्हतं. मी भाषांतर केलं. जेन्सनने आपला तळवा उघडून माईंपुढे धरला. "त्यांना सांगा," तो म्हणाला, "पुढचा मुक्काम तिथे. रस्ता त्यांनी दाखवायचा."

आणि माईंनी त्याच्या गोऱ्या तळव्यावर बोटाने रस्ता काढला. इथे ओढा. इथे चिंच. हे देऊळ, हे आमचं दार, इथे म्हशी बांधायचे. जेन्सनने विचारलं, तंबू कुठे ठोकायचा? माईंनी विचार केला. "खळ्यावर. तिथे ओल नसते." दोन संध्याकाळी आम्ही सगळे त्या बुडालेल्या गावात राहिलो. कॅरल आणि पाच मुलंही होती. माईंनी धाकट्याला ओढ्यात उतरू दिलं नाही.

डिसेंबरात अमेरिकन आणि इंग्रज माणसांना देशाबाहेर जाऊ द्यायचं ठरलं. जेन्सन बाहेर पडला तेव्हा उन्हाने त्याचे डोळे दिपले होते. त्याने मला मिठी मारली, लतीफभाईंना मारली, आणि माईंपुढे काय करावं ते न कळून वाकला. माईंनी त्याच्या खिशात आल्याचा तुकडा घातला आणि विमानात मळमळलं तर चघळ म्हणाल्या.

पुढे युद्ध झालं, कुवेत सुटलं, तेलाच्या विहिरींच्या धुराने दिवसा दिवे लावावे लागले. माई मधे साताऱ्याला जाऊन आल्या; सुनंदाला दिवस गेले होते, त्यासाठी परत आल्या. एक्याण्णव संपत आलं होतं, आकाश पुन्हा निळं झालं होतं, आणि एका दुपारी दारात जेन्सन उभा. कारखाना दुरुस्तीला बोलावलं होतं. बरोबर कॅरल होती. मुलं आजीकडे ठेवून ती मुद्दाम आम्हाला भेटायला आली होती.

कॅरल सुनंदाच्या गळ्यात पडून रडली. माईंचे हात धरून बसली. जरा शांत झाल्यावर, उत्सुकता न आवरून मी विचारलं, "नावू कसं होतं? त्या उन्हाळ्यात आम्ही रोज तुमच्याबरोबर होतो. वायोमिंगला तुमची पोळी उडाली तेव्हासुद्धा."

कॅरल माझ्याकडे बघतच राहिली. "कुठली पोळी?" ती म्हणाली. "आम्ही कुठेच गेलो नाही. कुवेतची बातमी आली त्या दिवशी तळ्यावर होतो. तंबूसुद्धा उघडला नव्हता. सगळे घरी परतलो आणि फोनशी बसून राहिलो. तेव्हा अडकलेल्या माणसांसाठी रेडिओवर निरोप सांगता यायचे. ते सुरू झाले त्याच आठवड्यात मी निरोप दिला, की आम्ही घरीच आहोत, तुझ्याशिवाय कुठेही जाणार नाही." ती नवऱ्याकडे वळली. "तू ऐकलास म्हणालास ना?"

जेन्सनचे कान लाल झाले होते. तो पेल्यातलं गरम पाणी फुंकत होता.

"ऐकला," तो शेवटी म्हणाला. "पण माई दिवसभर अंधारात बसलेल्या. भाषा येत नाही, बाहेर पडता येत नाही, मुलगी हॉस्पिटलात. मला वाटलं, संध्याकाळी कुठेतरी जायला मिळालं तर त्यांना बरं वाटेल."

मी हे सगळं माईंना मराठीत सांगितलं. माईंना काही नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. कॅरलच्या ताटात त्या आणखी एक पुरी वाढत होत्या.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"तुम्ही कामावर होता. रेडिओवर बाईचा आवाज आला. हा लगेच भिंतीकडे तोंड करून बसला आणि खांदे हलायला लागले. ज्याची माणसं मजेत हिंडतायत तो असा बसतो होय? पण संध्याकाळी तो काय काय सांगायला लागला. म्हटलं, सांगू दे बिचाऱ्याला. बोलताना तेवढाच त्याला घरी गेल्यासारखं वाटतंय. म्हणून मी रोज विचारत होते, पुढे काय झालं."

जेन्सन माझ्याकडे बघत होता. "काय म्हणतायत त्या?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. त्याने पेला खाली ठेवला आणि माईंकडे बघितलं. माईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या कॅरलला म्हणत होत्या, "खा गं. वाळली आहेस अगदी."

कॅरलला मराठी येत नव्हतं. तरी तिने मान हलवली आणि पुरी तोडली.